म्हसाईच्या खिंडीत गाडी का थांबते

शुक्रवारी सकाळी नऊच्या सुमाराला म्हसाईच्या खिंडीत साठ-सत्तर माणसं उन्हात गप्प उभी होती. आमच्या भागात एवढी माणसं एकदम गप्प होतात ती मयतीला, नाहीतर देवऋषी बोलायला लागल्यावर. इथे दुसरा प्रकार चालला होता. चढाच्या मधल्या वळणावर, देवळाच्या बरोबर समोर, मल्हारची पिकअप बंद पडली होती. मागे बेदाण्याचे बॉक्स रचलेले, पुढे बॉनेट उघडं, आणि त्या बॉनेटमध्ये डोकं घालून नाथाजी देवऋषी इंजिनाशी बोलत होता.

“कोन हाय आत? बोल. कशापायी बसलीस हितं?”

मग तोच नाथाजी बारीक आवाज काढून उत्तर द्यायचा. “मी म्हसाई. माझ्या वाटंनं जात्यात आन मला इचारत बी न्हाईत.”

“चुकलं आई. लेकरू हाय. सोड त्याला.”

“सोडती. पर इंजनाला निजू द्या. वीस मिन्टं कुनी चावीला हात लावायचा न्हाई.”

देवीला घड्याळ चांगलं कळत होतं. नाथाजीला सर्दी झालेली असली की देवीचाही घसा बसतो, हेही मी तिथेच उभ्या उभ्या पाहिलं. वीस मिनिटं झाली. नाथाजीनं मूठभर हळद घेतली, हात इंजिनाच्या कोपऱ्यात कोपरापर्यंत घातला, काहीतरी पुटपुटत बराच वेळ चोळत राहिला आणि मग म्हणाला, “मार सेल.” मल्हारनं चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. खिंडीत चांगभलं झालं. बायांनी बॉनेटला हात लावून कपाळाला लावले.

पुढच्या सीटवर मल्हारची बायको सोनम बसली होती. तिनं हात जोडले नाहीत. ती मोबाइलवरची वेळ बघत होती. तिला अकरा वाजता सांगलीत मशीनवर पोचायचं होतं.

मी नानासो. मूळचा साताऱ्याकडचा. सैन्यात बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केल्या, आता तासगावात गॅरेज चालवतो. लोक मला फौजी म्हणतात. मल्हार माझं जुनं गिऱ्हाईक. त्याच्या आजोबांनी जन्मभर मेंढरं राखली, मल्हारनं द्राक्षबाग लावली आणि बेदाण्याचं शेड घातलं. दोन वर्षांपूर्वी सोनमच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला सांगलीला नेऊन चार तास डायलिसिसच्या मशीनवर ठेवावं लागतं. मशीन तिचं रक्त गाळतं. ते चुकलं तर अंगात पाणी साठतं, श्वास लागतो आणि माणूस जातं. एवढं सरळ गणित आहे. जाताजाता मल्हार त्याच फेरीत बेदाण्याचे बॉक्स तासगावच्या बाजारात टाकायचा, म्हणजे दोन कामं एका डिझेलमध्ये व्हायची.

गेल्या महिन्याभरापासून त्यांच्या गावच्या चार-पाच गाड्या या चढावर बंद पडत होत्या. वस्तीवर कुजबुज होती की देवी गावावर कोपली आहे. नाथाजीनं देवळाशेजारी पत्र्याचं शेडच ठोकलं होतं.

त्या शुक्रवारी मला राग आला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, “नाथाजी, इंजिनात देवी नाही. डिझेलचा फिल्टर तुंबलाय.”

टाकीतलं डिझेल इंजिनात जाण्याआधी एका डब्यातून जातं. त्या डब्यात घडीघडीचा कागद असतो. तो कचरा आणि पाणी अडवतो. कागद तुंबला की सपाटीला गाडीला पुरेल एवढं डिझेल कसंबसं झिरपतं, पण भरल्या गाडीला चढावर जास्त लागतं, ते मिळत नाही आणि इंजिन धाप लागल्यासारखं बंद पडतं. गाडी थांबवून ठेवली की इंजिनाची ओढ संपते, हळूहळू डिझेल झिरपून डबा परत भरतो, आणि पुढची दोन वळणं निघून जातात. त्यानंतर उतारच आहे.

दुसऱ्या दिवशी मी मल्हारच्या पिकअपला नवा फिल्टर घातला. जुना भंगाराच्या डब्यात फेकला. तो कापून आत काय आहे ते बघायला हवं होतं, पण माझं डोकं तेव्हा जागेवर नव्हतं, मला फक्त जिंकायचं होतं. गाडी द्यायला मी स्वतः खिंडीत गेलो आणि गर्दीसमोर म्हणालो, “आता ही गाडी इथं थांबली तर नाथाजीची हळद मी कपाळाला लावून घेईन.”

मंगळवारी गाडी चढली. शुक्रवारी चढली. मी तासगावात चहाच्या टपरीवर हे दहा जणांना सांगितलं. पुढच्या मंगळवारी मल्हारचा फोन आला.

“फौजी, थांबली.”

मी गेलो. हळद लावून घेतली. नाथाजीनंच लावली, डोळ्यांत जाईल अशी. मग तो गर्दीकडे वळला. बारीक आवाज काढायचीही त्याला आता गरज वाटली नाही.

“गाडीत दोष न्हाई. फौजीनं समदं नवं घातलं, तुमी बघितलंसा. मग दोष कशात हाय? गाडीत बसतीया तिच्यात. हिचं रगात अंगाभायेर जातंय, नळीतनं फिरून परत येतंय. इटाळलेलं रगात आईच्या खिंडीतनं न्यायचं न्हाई. अकरा दिस आईपाशी बसवा. मशीन बंद. आई रगात धुईल.”

“मरेल ती,” मी म्हणालो.

“तुमी बोलू नगा,” कुणीतरी मागून म्हणालं. “कपाळ पुसा आदी.”

मल्हार खाली बघत होता. सोनम त्याच्याकडे बघत होती. मी भांडायला हवं होतं, पाय रोवून उभं राहायला हवं होतं. मी मोटारसायकलला किक मारून निघून आलो. लाज वाटली म्हणून आलो. ती लाज कसली होती, हे आजही मला नीट सांगता येत नाही.

शनिवारी सकाळी मल्हारची आई भामाबाई एसटीनं गॅरेजवर आली. पायात चप्पल नव्हती.

“आवं फौजी, सून जातीया माजी. काल आशाताईनं ॲम्बुलन बोलावली हुती. ह्या लोकांनी परत धाडली. मल्हारबी त्यातच. मी पाया पडली त्याच्या. आई असून पाया पडली.”

मशीनला जाऊन आठ दिवस झाले होते. मी एक नवा फिल्टर, पाने आणि लोखंड कापायची करवत पिशवीत टाकली. पुन्हा फिल्टरच का घेतला, मलाही माहीत नाही. दुसरं काय न्यावं ते सुचत नव्हतं. भामाबाईला मागे बसवून मी खिंडीत आलो.

पत्र्याच्या शेडमध्ये सोनम भिंतीला टेकून बसली होती. आडवं झालं की तिचा जीव घुसमटत होता. चेहरा सुजून डोळे बारीक झाले होते, पायांवर बोट दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. दोन शब्द बोलली की थांबून श्वास घेत होती. बाहेर आरती चालू होती.

मल्हार दाराशी उभा राहिला. “फौजी, जावा तुमी. सहाच दिस ऱ्हायल्यात.”

“सहा तास राहिलेत की नाही ते बघ.”

“मग काय करू?” त्याचा आवाज फाटला. “तुमचं ऐकलं तवा काय झालं? नवा फिल्टर घातलासा. थांबली का न्हाई? ही बसली की थांबती. बुधवारी ही नव्हती, मोकळी चढली. गुरवारी चढली. डोळ्यानं बघितलं म्या. तुमच्यावर इस्वास ठेवून हिला घिऊन निघालो आन वाटंतच गेली तर? मग काय सांगू पोरास्नी?”

दहा दिवसांत नवा फिल्टर का तुंबला, हे मलाच कळलं नव्हतं. ज्याच्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही त्याला मूर्ख म्हणायचा अधिकार मला कसा असणार?

तेव्हा सोनम बोलली. अगदी हळू.

“फौजी दादा. मशीनवाला मला... दर खेपेला शिव्या घालतो. म्हनतो, आमी गाळून देतो... आन तू घरी जाऊन... परत मीठ खातीस, पानी पितीस. गाळून काय उपेग.” ती थांबली. मी वाट बघितली. “तुमी फिल्टर बदलला. पर टाकीत... काय वतत्यात, ते इचारलं का?”

“काय ओततात?”

“शेडातल्या पिंपातलं. निळं पिंप. हंगामात त्यातच आमी... डिपिंगचं पानी करतो. हंगाम सरला... की तेच खंगाळून डिझेल भरत्यात. साऱ्या गावात तसंच.”

बेदाणा करताना द्राक्षं वाळवण्याआधी डिपिंगच्या तेलाच्या आणि खाराच्या पाण्यात बुडवून काढतात. पंप लांब, म्हणून डिझेल एकदम आणून पिंपात साठवायचं, आणि पिंप कुठलं, तर हंगाम संपल्यावर रिकामं झालेलं. पाण्यानं खंगाळलं की झालं. तळाला राहिलेलं पाणी आणि तो तेलकट खार डिझेलबरोबर गाडीच्या टाकीत. आमच्या पूर्वेकडच्या भागात बेदाण्याची शेडं ज्या गावात, त्याच गावच्या गाड्या थांबत होत्या. बावीस वर्षं गाड्या दुरुस्त केलेल्या माणसाला हे सुचलं नाही.

“आजून एक,” सोनम म्हणाली. “नाथाजी मागं लग्नाला गेल्ता... तवाबी थांबली हुती. आमी नुसतं बसलो. वीस मिन्टांनी लागली. आन मी असतीया... तवा मागं बॉक्स असत्यात. मी नसले की... मोकळी. मला हितंच ठिवा. गाडी भरा. आन चढवून बघा.”

मल्हार तिच्याकडे बघत राहिला. दोन वर्षं तो तिला शेजारी बसवून नेत होता, आणि तिनं काय काय बघून ठेवलं होतं ते त्याला आज कळत होतं.

मी बाहेर आलो. आरती थांबवली. “नाथाजी, सोनम बसली की गाडी थांबते, असंच ना?”

“व्हय.”

“मग आज ती बसणार नाही. विटाळ नाही, गाडी शुद्ध. फक्त मागे माल नाही, तेव्हा मालाच्या जागी तुझे भक्त बसतील. चढेल?”

नाथाजी घुटमळला. भक्त घुटमळले नाहीत. देवीची परीक्षा आहे म्हटल्यावर वीसभर गडी टपाटप मागे चढले. मल्हारनं गाडी खाली पायथ्याला नेली, वळवली आणि चढाला लावली. आम्ही वरून बघत होतो. पहिलं वळण आलं. इंजिनाचा आवाज जड झाला, दबला, आचके देऊ लागला, आणि देवळाच्या अलीकडे दोन हातांवर गाडी बंद पडली.

मागचे वीस जण एकमेकांकडे बघायला लागले. त्यांच्यातल्या एकाचंही रक्त कधी नळीतून फिरलेलं नव्हतं.

नाथाजी हळदीचं ताट घेऊन पुढे धावला. “आई आज रागात हाय, म्या...”

मी त्याचं मनगट धरलं आणि बॉनेट उघडलं. “या, बघा सगळे. महिनाभर हा इंजिनाला हळद लावतोय. सांगा, हळद कुठं आहे?”

माणसं वाकली. इंजिन काळं होतं, तेलकट होतं. हळद एकाच जागी होती. फिल्टरच्या डोक्यावर एक रबरी बटण असतं, त्याच्यावर पिवळा थर चढला होता.

“हा हातपंप आहे. हे बटण दाबलं की टाकीतलं डिझेल ओढून फिल्टर भरतो. वीस मिनिटं गाडी थांबवायची, मग हळद चोळायच्या निमित्तानं हे पंधरा-वीस वेळा दाबायचं. गाडी लागतेच. नाथाजी, देवऋषी व्हायच्या आधी तू काय करत होतास?”

उत्तर भामाबाईनं दिलं. “धा वरसं टरकावर किन्नर हुता, डायवरच्या हाताखाली इंजनाची समदी कामं करायचा.”

मी फिल्टर काढला आणि दगडावर ठेवून करवतीनं कापला. दोन आठवड्यांपूर्वी नवा घातलेला. आधी पाणी सांडलं. आतला कागद पांढुरक्या, साबणासारख्या चिकट थरानं लिंपून गेला होता. मी तो मल्हारच्या हातात दिला. त्यानं बोटानं चोळून वास घेतला. बेदाणा करणाऱ्या माणसाला तो वास सांगावा लागत नाही.

“डिपिंग,” तो म्हणाला. मागच्या एका म्हाताऱ्यानंही हात पुढे केला, वास घेतला आणि मान खाली घातली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. शेडमधून सोनमच्या श्वासाचा आवाज बाहेर यायला लागला होता, आणि आता तो सगळ्यांना ऐकू येत होता. आतापर्यंत आरतीत तो बुडालेला होता.

मी टाकीखालचा बोल्ट काढून सगळं डिझेल रस्त्याकडेला सोडून दिलं. दर्शनाला थांबलेल्या एका टेम्पोवाल्यानं तासगावच्या पंपावरचा डिझेलचा कॅन दिला. नवा फिल्टर आवळताना पाना दोनदा सुटला. फिल्टर बदलला की आत हवा राहते, ती काढल्याशिवाय इंजिन लागत नाही, म्हणून मी तेच पिवळं बटण दाबत बसलो, आणि प्रत्येक दाबाला मला वाटत होतं, उशीर झाला. भामाबाई शेडमध्ये सुनेची पाठ चोळत होती. “आलं बाय, झालंच. आलं.”

चौघांनी सोनमला उचलून पुढे बसवलं. मी तिला मागून धरलं. मल्हारनं चावीला हात घातला आणि थांबला. हात जोडायला वर गेले आणि तसेच खाली आले.

“फौजी, थांबली तर?”

“थांबली तर मी खाली उतरून बघीन का थांबली ते. तू चल.”

गाडी चढाला लागली. देवळापासूनची दोन वळणं मी आयुष्यात एवढी लांब कधी पाहिली नव्हती. इंजिनाचा आवाज जरा बदलला की मल्हारच्या मानेवरच्या शिरा ताठ व्हायच्या. मला माहीत होतं की थांबायचं कारण उरलेलं नाही, तरी मीही श्वास धरून बसलो होतो. भीती अशी चिकट असते. माथा आला. गाडी एकदाही आचकली नाही. मल्हार रडत रडत उतार उतरला.

सांगलीत तिला थेट मशीनवर घेतलं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढताना एवढंच विचारलं, “मशीन कोणी बंद करायला सांगितलं होतं?” फुप्फुसांत पाणी भरलं होतं. चार दिवस ती अतिदक्षता विभागात होती. वाचली, पण हृदयावर ताण आला आहे, आणि आता जिना चढताना तिला मधे थांबावं लागतं. ते नुकसान भरून येणारं नाही.

तिला दाखल केलं त्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर मल्हार म्हणाला, “फौजी, एक इचारू? समदं बघितलं म्या. तरीबी आत कुटंतरी वाटतंय, देवी कोपायची न्हाई न्हवं?”

मी त्याच्यावर रागावलो नाही. एका दुपारी एवढ्या वर्षांची भीती जात नाही. मी म्हणालो, “मल्हार, देवी सोनमच्या आड आली नाही. गाडीच्या आड घाण आली होती. सोनमच्या आड आपण आलो. तू भिऊन आलास, मी लाजून आलो.”

तेव्हा वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. डिझेल कोरड्या, स्वच्छ भांड्यातच साठवा, डिपिंगच्या पिंपात कधीही नाही. फिल्टरखालचं पाणी सोडत जा, वेळेवर फिल्टर बदला, आणि बदललेला एकदा कापून बघा. गाडी थांबली तर कारण शोधा. पहिलं कारण चुकलं तर लाजू नका, दुसरं शोधा. आमचं तिथेच चुकलं होतं. आणि आजारी माणसाचं औषध बंद करा असं कुणीही सांगितलं, कुणाच्याही नावानं सांगितलं, तर त्याच्याशी वाद घालत बसू नका. आधी माणसाला उचला आणि दवाखाना गाठा.

सोनम त्या दिवशी वाचली ती म्हसाईमुळे नाही, आणि माझ्यामुळेही नाही. श्वास पुरत नसताना तिनं विचार केला. आपल्याला तर श्वास पुरतो आहे.